चांगुणाबाई आणि कॉम्प्युटरच्या खोलीतली धूळ

चांगुणाबाई ओव्हाळ यांना हातावर हात ठेवून बसलेलं मी कधी पाहिलं नाही. आमच्या दूध संघाच्या व्हरांड्यात शिपायांसाठी एक बाकडं होतं. बाकीचे शिपाई त्यावर बसून तंबाखू मळत. चांगुणाबाई बाकड्याशेजारी उभ्या असत, आणि उभ्या तरी कसल्या, सारख्या या पायावरून त्या पायावर. दाराची बिजागरी सैल दिसली की लगेच तिचे स्क्रू पिळायला घेत. भिंतीवरच्या स्विचमधून चर्र असा आवाज आला की त्यांची मान तिकडं वळे. छताचा पंखा नुसता कानानं ऐकून म्हणत, "बेअरिंग गेलंय ह्याचं. लई तर दोन महिनं चालंल." आणि तेवढाच तो चाले.

येरमाळ्यापासून दोन मैलांवर, हमरस्त्याला लागून आमचा सहकारी दूध संघ होता. १९८७ च्या जानेवारीत मी तिथं कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागलो. गाव माझं अणदूर. सोलापुरात राहून सहा महिन्यांचा कोर्स केला होता, आणि त्या एवढ्या शिदोरीवर मला सगळे 'सर' म्हणायला लागले होते. चांगुणाबाई माझ्याच वयाच्या, चोवीसच्या. त्यांच्याकडं माझ्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट होतं. आयटीआयचा दोन वर्षांचा वायरमनचा कोर्स, वर्गात बत्तीस जणांत एकटी मुलगी, आणि पास होताना तिसरा नंबर. पण संघात त्यांची नेमणूक शिपाई म्हणून झाली होती. मुलाखतीत आण्णासाहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरांनी, विचारलं होतं, "पोलवर चढावं लागतं. बाईमाणूस कसं चढायचं?" त्या म्हणाल्या होत्या, "शिडीनं." सगळे हसले आणि पुढच्या आठवड्यात शिपायाची ऑर्डर आली. घरी आई होती, पगार हवा होता, म्हणून त्यांनी ती घेतली.

आईचं नाव मुक्ताबाई. बहात्तरच्या दुष्काळात मुक्ताबाई खडी फोडायला होत्या. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत दगडावर हातोडा. नऊ वर्षांची चांगुणा शेजारी बसून फुटलेली खडी पाटीत भरायची. त्या कामावर लोक जगले, हे खरं. पण दगडाचं पीठ मुक्ताबाईंच्या छातीत जाऊन बसलं ते बसलंच. मी पाहिलं तेव्हा त्या पन्नाशीच्याही नव्हत्या, पण चार पावलं चालल्या की भिंतीला हात लावून थांबत. चांगुणाबाईंना धुळीचा राग होता. साधा राग नव्हे. कुणी झाडू जोरात मारला की त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होई. स्वतः झाडताना आधी पाणी शिंपडत, मग फडकं ओलं करून पुसत. बाकीचे शिपाई म्हणत, "ह्या बाईला साधं झाडतासुदिक येत न्हाय."

कॉम्प्युटर पुण्याहून टेम्पोत आला, दोन गोधड्यांत गुंडाळून. आण्णासाहेबांनी त्याला हार घातला, हळदकुंकू लावलं आणि नारळ मात्र माझ्या विनवणीवरून दाराबाहेर फोडला. बरोबर आलेल्या इंजिनिअरनं जाताना तीन गोष्टी सांगितल्या: खोलीत चपला घालून यायचं नाही, खिडक्या बंद ठेवायच्या आणि काम झालं की मशीनवर कापड टाकायचं. मी त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतल्या. मशीनच्या तोंडाला फ्लॉप्या घालायच्या दोन फटी होत्या आणि पाठीमागं एक छोटा पंखा. माहिती सगळी फ्लॉप्यांवर. एका फटीत चालू फ्लॉपी, दुसरीत तिची नक्कल घ्यायची. यापलीकडं त्या डब्याच्या आत काय आहे याची मला कल्पना नव्हती, आणि ते कुणाला कळू नये याची मी काळजी घेत होतो.

ते वर्ष लागोपाठ तिसऱ्या कोरड्या पावसाळ्यानंतरचं. विहिरी तळाला गेल्या होत्या. संघात जिथं आठ हजार लिटर दूध यायचं तिथं दीड हजारही येईना. मग संघानं सभासदांच्या जनावरांसाठी चारा आणायला सुरुवात केली. बाहेरून ट्रक येत, आवारात कडब्याच्या गंजी लागत, कडबाकुट्टी दिवसभर धडधडत राही. कुट्टी गावोगाव जाई. कुठल्या गावात कुणाची किती जनावरं, कुठला ट्रक कधी, याच्या याद्या कॉम्प्युटरवर. चौसष्ट गावं. याद्या छापून निघाल्या की ट्रक हलत.

आणि कडबाकुट्टी होती माझ्या खिडकीपासून वीस पावलांवर. एप्रिलमध्ये वारा सुटायला लागला तशी कडब्याची ती बारीक, अंगाला खाजणारी धूळ खोलीत भरायला लागली. खिडक्या घट्ट बंद, तरीही. वर सिमेंटचे पत्रे, त्यांच्या पन्हळीखाली फटी. दाराखाली बोटभर फट. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता येई. कॉम्प्युटर फ्लॉपी वाचताना अडखळायला लागला. कधी तीनदा घालावी तेव्हा वाचे. दुपारी दीडनंतर पडदा गोठून जाई, कुठलीही कळ दाबा, हलत नसे. मी घामाघूम होऊन त्याच्यासमोर बसे. छताचा पंखा पाचवर. बाहेर ट्रकवाले विचारत राहत, "झालं का सर? छापलं का?"

अशाच एका दुपारी मी जेवून आलो तर खोलीत उदबत्तीचा वास. चांगुणाबाई मशीनसमोर उकिडव्या बसलेल्या, हातात पेटलेली उदबत्ती. छताचा पंखा बंद केलेला.

"अहो, काय करताय? पूजा कसली आत्ता?" मी ओरडलोच.

"पूजा न्हाय, सर. जरा हिकडं बघा." त्यांनी उदबत्ती फ्लॉपीच्या फटीसमोर धरली. वर जाणारा धूर वाकला आणि सरळ त्या फटीत शिरला. कुणीतरी आतून ओढून घ्यावा तसा. मग त्यांनी ती मशीनच्या झाकणाच्या सांध्यापाशी नेली. तिथंही थोडा धूर आत गेला. पाठीमागं नेली, तर पंख्यानं धूर भिंतीवर फेकला.

"पंखा मागनं हवा भाईर टाकतोय," त्या म्हणाल्या, "मग तेवढी हवा कुठनं तरी आत येणारच की. जिथं फट घावंल तिथनं. आन् सगळ्यात मोठी फट ही. फ्लॉपीचं तोंड. म्हणजी सगळी धूळ फ्लॉपीवरनंच आत जाती. बघा की, मिशा फुटल्यात त्याला."

खरंच, फटीच्या दोन्ही बाजूंना काळपट तपकिरी रेघ धरली होती. मी रोज समोर बसत होतो, मला दिसली नव्हती.

मला पटलं. पण ते एका शिपायाकडून पटलं हे मला टोचलं, खोटं कशाला बोलू. मी म्हणालो, "बघतो मी. तुम्ही पुन्हा विस्तव आणू नका इथं."

त्यांच्याकडून ऐकलं आणि अर्धवटच घेतलं. फटीतून धूळ जाते ना, मग फटी बंद करू, असा मी विचार केला. दुसऱ्या दिवशी मी खालच्या फटीत दुमडलेलं फडकं कोंबलं. पुढच्या बाजूला खाली हवेसाठी आडव्या चिरा होत्या, त्यांच्यावर कागद चिकटवला. मशीन चालू असतानाच वरून कापड टाकलं, फक्त पडदा उघडा ठेवला. दुसरी फट बंद म्हणजे नक्कल घेता येईना. म्हटलं, चार दिवस चालेल. चांगुणाबाईंनी दारातून ते पाहिलं.

"सर, असं केल्यावर त्येला हवाच न्हाय प्यायला. गरम होईल ते."

"इंजिनिअरनं सांगितलंय कापड टाकायला."

"चालू असताना?"

मी कापडाची टोकं आणखी खाली ओढली.

तीन दिवस मशीन चाललं. चौथ्या दिवशी दुपारी, मी सत्तावीस गावांची नवी यादी फ्लॉपीवर उतरवत असताना, पडदा काळा झाला. जळकट वास आला. झाकणाला हात लावला तर चटका बसला. तासाभरानं, थंड झाल्यावर, मशीन सुरू झालं, पण ती फ्लॉपी वाचेना. सत्तावीस गावं गेली. नक्कल नव्हती.

आण्णासाहेब आले. ते वाईट मनुष्य नव्हते, पण बाहेर सात ट्रक उभे होते आणि ज्या गावांच्या गाड्या अडल्या होत्या तिथले लोक फाटकापाशी जमले होते. त्यांना दोष ठेवायला कुणीतरी हवं होतं. त्यांची नजर फडक्यावर गेली. "हे फडकं कुणी कोंबलं?" बाकड्यावरचा एक शिपाई म्हणाला, "त्या दिवशी चांगुणाच बसली होती मशीनसमोर उदबत्ती लावून." आण्णासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. तेवढं पुरलं.

चांगुणाबाईंना मेमो मिळाला. विनापरवाना यंत्रात हस्तक्षेप. कॉम्प्युटरच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही, पाणीसुद्धा दारातूनच द्यायचं. त्या दारात उभ्या राहून तांब्या पुढं करत तेव्हा बाकड्यावरचे एकमेकांकडं बघत. एकजण म्हणालाही, "आता बसलं ठिकाणावर." तो कुठल्या ठिकाणाबद्दल बोलतोय हे आवारात सगळ्यांना कळलं. चांगुणाबाई मला तांब्या देऊन सरळ व्हरांड्यातल्या सैल बिजागरीकडं वळल्या.

मला दोन दिवस अन्न गेलं नाही. पुण्याला तार केली, तर इंजिनिअर नऊ दिवसांनी येणार होता. मशीन आता दर तासाला बंद पडत होतं. हातानं याद्या लिहून पाहिल्या, पण जुन्या वह्या आणि नव्या नोंदी जुळेनात. एका गावाला दोनदा ट्रक गेला, एका गावाला गेलाच नाही. त्या गावचे दगडोबा म्हणून एक म्हातारे फाटकापाशी येऊन बसले. भांडले नाहीत. नुसते बसून राहिले. संध्याकाळी उठून जाताना म्हणाले, "एक बैल बसला सर. उठंना." एवढंच.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सायकल काढली आणि भीमनगरात गेलो. चांगुणाबाईंचं घर विचारायला लागलं नाही, कारण त्या बाहेरच, शेजारच्यांचा रेडिओ उघडून बसल्या होत्या. मुक्ताबाई दारात भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला बसायला पोतं टाकायला सांगितलं आणि खोकत खोकत पाणी दिलं. मी ते प्यायलो. मग म्हणालो, "चांगुणाबाई, उद्या खोलीत या. ती धूळ कशी थांबवायची ते तुम्हालाच कळतंय. मला नाही कळत."

त्यांनी रेडिओवरून नजर काढली नाही. "मला आत यायची बंदी हाय."

"मी सांगतो साहेबांना."

"काय सांगता?"

मुक्ताबाई मध्येच म्हणाल्या, "सर, तुमी चांगल्या घरचं दिसता. माझी पोर खोटं बोलत न्हाय. ते फडकं तिनं कोंबलं व्हय?"

"नाही. मी कोंबलं."

"मग हे हितं सांगून काय उपेग," चांगुणाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात चढ नव्हता. "जितं सांगायचं तितं सांगा. मग म्या येते."

सोमवारी सकाळी मी आण्णासाहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो. तिथं आणखी दोन माणसं बसली होती. ती जाईपर्यंत थांबावं असं फार वाटलं. पण थांबलो असतो तर नंतर बोललो नसतो. "साहेब, फडकं मी कोंबलं होतं. कापडही मीच टाकलं. चांगुणाबाईंनी मला नको म्हणून सांगितलं होतं." आण्णासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुझी नोकरी जाईल मल्लू." "जाऊ द्या. पण आधी मशीन चालू करू द्या. त्यांना आत येऊ द्या." बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. शेवटी ते म्हणाले, "तीन दिवस. काय करायचं ते करा."

चांगुणाबाई आत आल्या आणि पहिल्यांदा त्यांनी छताचा पंखा बंद केला. "ह्यो नुसती तीच धूळ घुसळतोय." मग मशीन बंद करून टेबल भिंतीपासून हातभर पुढं ओढलं, म्हणजे मागची गरम हवा भिंतीवर आपटून परत येणार नाही. मग म्हणाल्या, "झाकण उघडा."

मी उघडलं नव्हतं कधी. चार स्क्रू. झाकण सरकलं आणि आम्ही दोघंही बघत राहिलो. आत करड्या रंगाची गोधडी पसरली होती. मागच्या पंख्याच्या पात्यांवर तर ओल्या कोंड्यासारखा थर. त्यांनी रंगाचा नवा ब्रश मागवला आणि सायकलचा पंप. पंख्याचं पातं त्यांनी बोटानं धरून ठेवलं आणि मग हवा मारली. "मोकळं सोडलं तर गरागरा फिरतंय, बेअरिंग जातं," त्या म्हणाल्या. तोंडानं फुंकायला मी वाकलो तर मला मागं ओढलं. "थुंकी उडती." फटीच्या आत जो बारीक डोळ्यासारखा भाग फ्लॉपी वाचतो, तो पुसायला संघाच्या जनावरांच्या डॉक्टरांकडून स्पिरिट आणलं.

"हे झालं घर झाडल्यावानी," त्या म्हणाल्या. "धूळ परत येणारच. आता तिची वाट बघू."

त्यांच्या डोक्यात काय होतं ते मला आधी समजेना. माझं आपलं तेच, फटी बुजवा. त्या खोलीभर येरझाऱ्या घालत होत्या, वर बघत, पत्र्यांच्या फटींना हात लावत. "किती बुजवणार? शंभर हायेत. आन् बुजवल्यावर हवा कुठनं यायची? हवा अडवायची न्हाय, सर. गाळायची. दूध गाळतो तशी. आन् खोलीत इतकी हवा भरायची की फटीतनं ती आतनं भाईर गेली पाह्यजे. मग धूळ आत कशी येईल? उलट्या वाऱ्यात ती कशी चालंल?"

दूध कमी झाल्यामुळं कॅन धुवायच्या खोलीतला मोठा एक्झॉस्ट पंखा बंदच होता. तो त्यांनी उतरवला. कॉम्प्युटरच्या खोलीला मागच्या बाजूनं, कडबाकुट्टीच्या विरुद्ध अंगाला, लिंबाच्या झाडाकडं एक उंच झरोका होता. तिथं तो उलटा बसवला, म्हणजे हवा आत फेकेल असा. शिडीवर त्या चढल्या. मी खाली शिडी धरून. बाकड्यावरची माणसं उठून बघायला आली होती. पंख्याबाहेर लाकडी चौकट, आणि चौकटीवर दूध गाळायचं पांढरं कापड, दुहेरी, ताणून बसवलेलं.

पंखा सुरू केला. तो घरघरला, कण्हला, आणि हवा आली ती मांजराच्या श्वासाएवढी. चांगुणाबाई खाली उतरून दारापाशी गेल्या, उदबत्ती धरली. धूर आतच येत होता.

मला वाटलं, संपलं. तीन दिवसांतला एक दिवस तर गेलाच होता. त्यांनी पंखा बंद केला, पुन्हा चढल्या, कापडाला हात लावला, उतरल्या, पुन्हा चढल्या. त्या दिवशी जेवल्याच नाहीत. डबा तसाच. बोटांनी पदराच्या काठाच्या बारीक घड्या घालत होत्या आणि सोडत होत्या. मग एकदम थांबून हाताकडं बघितलं.

"कापड थोडं पडतंय," त्या म्हणाल्या. "पंखा एवढा मोठा, आन् तोंड एवढंसं. निऱ्या घातल्या तर तेवढ्याच जागंत चौपट कापड बसंल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकलच्या चाकाच्या तारा आडव्या लावून वीतभर खोल पेटी केली आणि कापड त्या तारांवरून खाली-वर, खाली-वर नेलं. सबंध सकाळ शिवण्यात गेली. बोटं सोलली. मी तोपर्यंत दाराच्या वरच्या बाजूला हवा जायला एक झरोका मोकळा ठेवला आणि त्यांच्या सांगण्यावरून जमीन ओल्या फडक्यानं दोनदा पुसली. पंखा सुरू केला तेव्हा तो कण्हला नाही. गार वाटावी अशी हवा मानेवर आली. त्यांनी उदबत्ती दाराखालच्या फटीशी धरली.

धूर बाहेर गेला. पत्र्याखाली धरली, तिथंही बाहेर. खिडकीच्या सांध्याशी, बाहेर. त्या खोलीभर फिरून एकेक फट तपासत होत्या आणि मी त्यांच्यामागून फिरत होतो. मला हसू येत होतं. त्या मात्र हसल्या नाहीत. "उद्या दोनला कळंल," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता बाहेर कडबाकुट्टी पूर्ण जोरात होती. मशीनवर कापड नाही, पुढच्या चिरा मोकळ्या, पंखा मोकळा. मी झाकणाला हात लावला. कोमट. अडीच वाजले, तीन वाजले. पडदा गोठला नाही. आम्ही याद्या भरत होतो. चांगुणाबाई गावच्या वह्यांतून वाचत, मी टाइप करी. "तामलवाडी. मथुराबाई, बैल दोन, म्हैस एक." दर तासाला नक्कल. दोन दिवसांत सत्तावीस गावं पुन्हा उभी राहिली. छपाईचं मशीन कर्कश आवाज करत कागद ओकत होतं, आणि तो आवाज त्या दिवसांत मला कुठल्याही गाण्यापेक्षा बरा वाटला. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता सातही ट्रक फाटकाबाहेर गेले. दगडोबांच्या गावाचा पहिला. त्यांचा बसलेला बैल मात्र तोवर गेला होता. हे मी विसरलो नाही.

त्या संध्याकाळी चांगुणाबाईंनी पेटीतलं कापड सोडवलं आणि आण्णासाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. पांढरं कापड चहाच्या रंगाचं झालं होतं. "हे चार दिवसाचं, साहेब. हे सगळं त्या मशीनच्या पोटात गेलं असतं." आण्णासाहेबांनी कापडाला बोट लावलं, बोटाकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी मेमो मागं घेतल्याचा कागद निघाला. माझ्या नावाचा मेमो निघाला, तो मला मिळायलाच हवा होता.

पुण्याचा इंजिनिअर आला तेव्हा पेटीकडं बराच वेळ बघत उभा राहिला. "आयडिया कुणाची?" त्यानं विचारलं. आण्णासाहेब म्हणाले, "संघाच्या स्टाफनं केलं." मी म्हणालो, "चांगुणाबाई ओव्हाळ यांनी केलं. वायरमन आहेत त्या." चांगुणाबाई चहाचे कप उचलत होत्या. कप तसेच खाली ठेवून त्या आण्णासाहेबांना म्हणाल्या, "साहेब, हे सरांनी सांगितलं. पण ऑर्डरवर शिपाई हाय. म्या अर्ज देऊ का?"

अर्ज दिला. संचालकांच्या बैठकीत तो पुढच्या बैठकीवर गेला. पुन्हा दिला. पुन्हा पुढं गेला. मधल्या काळात त्या दर आठवड्याला पेटीचं कापड बदलत, जुनं धुवून वाळवत, मशीन महिन्यातून एकदा उघडून साफ करत, आणि दुपारी व्हरांड्यात पाणीही देत. अस्वस्थपणा कमी झाला नव्हता. उलट वाढला होता. आता आपल्याला काय करता येतं हे त्यांना माहीत होतं आणि इतरांनाही माहीत होतं, आणि तरी हातात तांब्याच होता. एकदा मला म्हणाल्या, "सर, आधी बरं होतं. आधी वाटायचं, कुणाला ठावंच न्हाय तर कुणी काय म्हणावं. आता लई तडफड हुती."

घरी त्यांनी आईसाठीही तशीच एक छोटी पेटी केली, टेबल फॅनला लावून. मुक्ताबाई त्या हवेत बसत. बरं वाटतं म्हणत. पण रात्री खोकला तोच. अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत त्या गेल्या. मी मातीला गेलो होतो. चांगुणाबाई मला म्हणाल्या, "भाईरची धूळ अडिवली म्या. आतली पंधरा वर्षाची होती, ती कशी निघंल." आणि मग, बोलता बोलता, उठून कुणाची तरी वाकडी झालेली खुर्ची सरळ करायला लागल्या.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. दूध वाढलं. कडबाकुट्टी आवारातून हलली. एकोणनव्वदच्या जूनमध्ये अर्ज चौथ्यांदा बैठकीत गेला. संघाचे जुने वायरमन वीरप्पा निवृत्त होत होते. त्यांनीच बैठकीत उठून सांगितलं म्हणे, "माझ्या जाग्यावर ती पोरगी ठेवा. न्हायतर दर महिन्याला मलाच बोलवाल." आण्णासाहेबांनी सही केली. ऑर्डर मी टाइप केली. 'वायरमन' हा शब्द छापताना मशीन अडखळलं नाही, पण मी दोनदा वाचून पाहिला.

पहिलं काम तामलवाडीच्या संकलन केंद्रावर निघालं. दूध थंड ठेवायच्या टाकीची मोटर सारखी जळत होती. सकाळच्या एसटीनं जायचं होतं. मी स्टँडवर सोडायला गेलो, कारण अवजारांची पिशवी जड होती. त्यांनी ती मला उचलू दिली नाही. गाडी अर्धा तास उशिरा होती. त्या स्टँडच्या टपरीवरच्या लोंबकळत्या वायरकडं बघत होत्या.

"ह्यो माणूस मरंल एक दिवस," त्या म्हणाल्या. पिशवी खाली ठेवली, टेप आणि पक्कड काढली आणि टपरीवाल्याला मेन बंद करायला सांगितलं.

गाडी आली. कंडक्टरनं बेल मारली. "अहो बाई, चलताय का न्हाय?"

"दोन मिनिटं," त्या म्हणाल्या. "हे उघडं सोडून कसं जाऊ?"